इंदूरात दुकान टाकताय? शहराचा सेल्स टॅक्स शोधत बसू नका, आधी ती चार टेबलं मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात तुमचं फराळ-मसाल्याचं दुकान आहे, जीएसटी नंबर आहे, आता इंदूरात सुदामा नगरला भावाच्या घराच्या खालच्या मजल्यावर तसंच दुकान काढायचंय आणि पुढच्या ओट्यावर चार टेबलं टाकून मिसळ-पोहे पण द्यायचेत. आणि विचारलंय की इंदूर शहराचा सेल्स टॅक्स किती, कोण ५ म्हणतं कोण १२ कोण १८, नगर निगमला वेगळा भरावा लागतो का, आणि पुण्याचाच नंबर इथे चालेल का.

मी इथेच इंदूरला कर सल्लागार आहे, व्हॅटच्या आधीपासून, म्हणजे जेव्हा फॉर्म हाताने भरून खिडकीत द्यायचो तेव्हापासून. तर पहिली गोष्ट, इंदूर शहराचा असा सेल्स टॅक्स नाहीच. तुम्हाला तसं का वाटलं ते कळतंय मला, पुण्यात २०१३ ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला होता आणि तो खरंच महापालिकेचा होता, त्यामुळे शहर बदललं की शहराचा कर बदलतो हे पुणेकर व्यापाऱ्याच्या डोक्यात बसलेलं असतं. मध्य प्रदेशात चुंगी, म्हणजे जकात, १९७६ लाच गेली, तिच्या जागी राज्याचा एंट्री टॅक्स आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीत तोही संपला. आता नाक्यांची नावं तेवढी उरलीत. तरी बाजारात अजून सगळे "सेल टैक्स वाले"च म्हणतात, तेव्हा कोणी तो शब्द वापरला तर दचकू नका, तो जीएसटीबद्दलच बोलतोय.

बिलावर सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच असे दोन टॅक्स दिसतात ना, इंदूरात त्याची गंमत अशी की दोन्हीची ऑफिसं होळकरांच्या वास्तूंमधे आहेत, केंद्राचं माणिकबाग महालात आणि राज्याच्या वाणिज्यिक कर विभागाचं मुख्यालय एमजी रोडवर मोती बंगल्यात (हो, भोपाळला नाही, इथे). पण तुम्हाला दोन्हीकडे जावं लागत नाही. दीड कोटीच्या खालचे ९० टक्के करदाते राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे अशी वाटणी आहे, त्यामुळे बहुतेक तुमची फाइल राज्याकडेच जाईल, आणि नंबर, रिटर्न, भरणा सगळं एकाच पोर्टलवर. नोंदणीची सरकारी फी शून्य आहे. कोणी "सरकारी फी" म्हणून पैसे मागितले तर तो स्वतःची फी मागतोय, ती द्या हवी तर, आम्हाला पण पोट आहे, पण काय देताय ते कळून द्या.

आता दराचं. ५, १२ आणि १८ सांगणारे तिघेही आपापल्या जागी बरोबर असतील, फक्त वेगवेगळ्या मालाबद्दल आणि वेगवेगळ्या वर्षाबद्दल बोलतायत. दर शहरावर ठरत नाही, मालावर ठरतो, पुण्यात जो तोच इंदूरात. पॅकबंद नमकीन, चिवडा, शेव, चकली यावर आधी १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झालाय. लोणचं पण १२ चं ५ झालं. मसाले ५, मिठाई-लाडू ५. पापडाला शून्य, पॅकेटमधला असला तरी. कच्चे पोहे सुटे विकले तर शून्य आणि तेच पिशवीत भरून लेबल लावलं की ५. आणि शिजवून प्लेटमधे शेव-जिरावण टाकून दिले की ते पोहे राहिलेच नाहीत, ती रेस्टॉरंट सर्व्हिस झाली, तिथे ५, पण इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर दिलेला टॅक्स आपल्या भरण्यातून वजा करता येत नाही. म्हणजे पोह्यांचा एकच डबा आणि त्यावर तीन हिशोब, आणि इंदूरात पोह्यांशिवाय तर कोणाचं काही चालतच नाही. कोल्डड्रिंकचा फ्रीज ठेवणार असाल तर त्याला ४० आहे, त्याचा कोड सॉफ्टवेअरमधे वेगळा टाका, नाहीतर पोरगा घाईत सगळं ५ ने बिल करून मोकळा होतो.

तर तुमच्या बाबतीत दर हा मुद्दाच नाही हो, जवळजवळ सगळं ५ मधेच आहे. खरा प्रश्न आहे ती चार टेबलं आणि पॅन कोणाचा.

टेबलांपासून सुरू करतो. जो फक्त माल विकतो त्याला मध्य प्रदेशात वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण हे "फक्त माल" वाल्यासाठी आहे. सर्व्हिस आली की मर्यादा २० लाख. आणि मिसळीची प्लेट ही कायद्यात सर्व्हिस आहे. म्हणजे समजा दुकानाची विक्री ३० लाख आणि मिसळीची फक्त २ लाख, तरी तुमची एकूण ३२ आणि मर्यादा २०. चार टेबलांनी मर्यादा अर्धी केली. माझ्याकडे एक जण असेच आले होते, दोन वर्षं "आम्ही ४० च्या आत आहोत" म्हणत निवांत होते आणि दुकानाच्या मागे गरम कचोरीची कढई चालू होती, बाकं टाकलेली, लोक बसून खात होते. कढई बंद करा असं मी म्हणत नाही, पण कढई आहे तर २० धरा.

दुसरी तशीच गोष्ट म्हणजे राज्याबाहेर माल पाठवणं. मर्यादेच्या आत असलात तरी टॅक्स लागणारा माल तुम्ही दुसऱ्या राज्यात पाठवला की नोंदणी पहिल्या पार्सलपासून सक्तीची. आपल्या लोकांचं अर्धं गणगोत पुण्या-मुंबईत, दिवाळीला फराळाचे डबे कुरियरने जातातच. घरून फराळ करणाऱ्या एक बाई आहेत, विक्री जेमतेम ७-८ लाख, त्यांना हे पटतच नव्हतं की नागपूरला चार डबे पाठवले तर नंबर घ्यावा लागतो. तुम्हाला तर ही अडचण येणारच आहे.

आता पॅन. इथे मला तुमची माहिती अपुरी आहे म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

इंदूरचं दुकान तुमच्याच नावाने, तुमच्याच पॅनवर असेल तर पुण्याचा नंबर इथे चालणार नाही. एका पॅनवर प्रत्येक राज्याचा वेगळा नंबर, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आमचा २३ ने. आणि विक्रीची मर्यादा मोजताना पुणे आणि इंदूर एकत्र मोजायचं, त्यामुळे पुण्याचीच विक्री मर्यादेच्या वर असेल तर इंदूरात पहिल्या रुपयापासून नोंदणी. पुण्याहून चकल्या-मसाले इथे पाठवलेत तर ते "आपलंच आपल्याला" असं कायदा मानत नाही, दोन नंबर म्हणजे दोन वेगळे माणूस. ५०,००० चा माल पाठवला तर पुण्याने आयजीएसटी (माल दुसऱ्या राज्यात गेला की त्या अडीच-अडीचऐवजी लागणारा एकच टॅक्स) लावून बिल करायचं, ५ टक्क्याने २,५०० झाले, ते इंदूरच्या नंबरला क्रेडिट मिळतील. पॅकेट विक्रीत ते वापरून टाकता येतात. पण तोच मसाला मिसळीच्या कटात गेला तर ते क्रेडिट गेलं, कारण रेस्टॉरंटला क्रेडिट नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की काउंटरचा माल आणि किचनचा माल पहिल्या दिवसापासून वेगळ्या रजिस्टरला घ्या, मग मार्चमधे बसून अंदाजे टक्केवारी काढायची वेळ येत नाही. भाडं, बिलिंग मशीन असलं जे दोन्हीकडे लागतं त्याचं विक्रीच्या प्रमाणात वाटून घ्यावं लागतं, ते तुमचा अकाउंटंट करेल. ५०,००० च्या वर माल राज्याबाहेरून येतोय तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद) काढायचं, "घरचाच माल आहे" हे गाडी थांबवणाऱ्याला सांगून उपयोग नाही.

दुसरी बाजू म्हणजे दुकान भावाच्या किंवा वहिनीच्या नावाने, त्यांच्या पॅनवर. मग तो पूर्ण वेगळा धंदा, मर्यादा पण वेगळी मोजली जाईल, तुम्ही पुण्याहून त्यांना माल विकाल. हे स्वच्छ आहे पण खरोखर वेगळा असला पाहिजे, बँक खातं, खरेदी, नफा सगळं. नाव वहिनीचं आणि क्यूआर कोड तुमचा असं चालत नाही. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयची जमा बघून नोटिसा गेल्या होत्या ते आठवत असेल, पैसा कोणाच्या खात्यात पडतो हे आता सगळ्यांना दिसतं.

कंपोझिशन (छोट्या धंद्याला विक्रीवर ठरलेला टक्का भरायची सोपी योजना) घेऊ का, हा पुढचा प्रश्न येणारच म्हणून आत्ताच उत्तर देतो. दीड कोटीपर्यंत विक्री असलेल्या दुकानदाराला आणि माल बनवणाऱ्याला १ टक्का, रेस्टॉरंटला ५ टक्के, तीन महिन्यांनी एकदा भरणा, वर्षाला एक रिटर्न. ऐकायला छान. पण तुमच्या पॅनवर असेल तर दोन अडचणी. एक, एका पॅनचे सगळे नंबर कंपोझिशनमधे हवेत, पुणे रेग्युलर आणि इंदूर कंपोझिशन असं जमत नाही. दोन, कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही, म्हणजे पुण्याला कंपोझिशनमधे नेलं तर पुण्याहून इंदूरला माल पाठवणंच बंद. विषय संपला.

वहिनीच्या नावाने असेल तर विचार करता येतो, पण तिथेही बघा, नुसतं फराळाचं दुकान असतं तर ३६ लाखांच्या विक्रीवर १ टक्का म्हणजे ३६,००० खिशातून भरून मोकळे, गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही पण रक्कमच लहान. मिसळ मात्र कंपोझिशनमधे पण ५ आणि रेग्युलरमधे पण ५, फरक एवढाच की रेग्युलरमधे ते ५ गिऱ्हाइकाकडून बिलात घेता येतात आणि कंपोझिशनमधे स्वतःच्या पदरचे. म्हणून निव्वळ खाण्याच्या जागेला मी कंपोझिशन सहसा सुचवत नाही, कागदपत्रांचा कंटाळा अगदीच असेल तर गोष्ट वेगळी. आणि वहिनींना पण पुण्याला डबे पाठवायचे असतील तर कंपोझिशन तसंही बाद.

राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाबद्दल एक बारीक गोष्ट जी बरेच जण चुकतात. पुण्याची कोणी मावशी राजवाडा-सराफा बघायला आली, तुमच्या काउंटरवरून दोन किलो शेव घेऊन स्वतःच्या पिशवीतून घेऊन गेली, तर ती इथलीच विक्री, अडीच-अडीच. पण बिलावर तिचा पुण्याचा पत्ता टाकलात, पत्ता काय नुसतं राज्याचं नाव महाराष्ट्र टाकलंत, तर ऑक्टोबर २०२३ पासूनच्या नियमाने ती महाराष्ट्राची विक्री होते आणि आयजीएसटी लागतो. रक्कम तीच ५, पण टॅक्स चुकीच्या डब्यात गेला की नंतर दुरुस्त करत बसायचं. म्हणून काउंटरच्या गिऱ्हाइकाचा पत्ता उगीच लिहू नका. पार्सल पाठवताय तेव्हा मात्र पत्ता लिहा आणि आयजीएसटीच लावा. आणि २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला गिऱ्हाइकाने बिल नाही मागितलं तर दिवसाअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल चालतं, प्रत्येक प्लेट पोह्यांना बिल फाडायची गरज नाही.

झोमॅटो-स्विगीवर मिसळ लावणार असाल तर त्या ऑर्डरवरचा ५ टक्के २०२२ च्या जानेवारीपासून ते ॲपवालेच भरतात. तुम्ही परत भरू नका, पण रिटर्नमधे त्याच्या वेगळ्या रकान्यात दाखवा, आणि मर्यादा मोजताना ती विक्री तुमचीच धरायची. "ॲपवाले भरतात म्हणजे ते आपल्या टर्नओव्हरमधे नाही" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

आता भाडं, कारण इथे घरचीच माणसं फसतात. १० ऑक्टोबर २०२४ पासून असं आहे की दुकानाचा घरमालक जीएसटीत नाही आणि भाडेकरू आहे, तर भाड्यावरचा १८ टक्के भाडेकरूने स्वतः सरकारला भरायचा. भाऊ नोंदणीत नसेल आणि तुम्ही त्याला महिना २०,००० देणार असाल तर वर ३,६०० दर महिन्याला, तेही रोख, क्रेडिटमधून वळते करता येत नाहीत. भरल्यावर पॅकेट विक्रीच्या हिश्शाचं क्रेडिट मिळतं, मिसळीच्या हिश्शाचं नाही. कंपोझिशनवाल्याला ही भानगड नाही, त्यांना यातून वगळलंय. तेव्हा दुकानाचं बजेट करताना भाडं २०,००० नाही, २३,६०० धरा आणि मग किती परत येतंय ते बघा.

हे झालं विक्रीचं. नगर निगम विक्रीवर काही घेत नाही, ते जागेवर घेतं. संपत्तिकर, जलकर, कचऱ्याचं शुल्क. कचऱ्याची गाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते, इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय त्याची किंमत म्हणा, दुकानाचं शुल्क घरापेक्षा वेगळं असतं. यात मुख्य मुद्दा भावाचा आहे. आमच्याकडे संपत्तिकर स्वतःच विवरण देऊन भरायचा असतो, जागेचं वार्षिक भाडेमूल्य परिक्षेत्राप्रमाणे, म्हणजे भागाप्रमाणे, धरून, आणि स्वतः राहत्या घराला त्यात ५० टक्के सूट असते. खालच्या मजल्यावर दुकान आलं की त्या भागाला ती सूट नाही आणि दरही व्यावसायिक. भाऊ जुन्याच विवरणावर घर म्हणून भरत राहिला तर आज कोणी विचारणार नाही, पण निगमची पाहणी झाली की मागच्या फरकासकट अधिभार लावून येतं, दंड निराळा, आणि बिल भावाच्या नावाने येतं, तुमच्या नाही. मग दिवाळीत घरात कोण कोणाशी बोलत नाही हे मी बघितलंय. दुकान सुरू करतानाच नवीन विवरण भरा आणि वाढीव संपत्तिकर कोण देणार ते भाडेकरारात लिहून टाका. थकबाकी आधीची असेल तर लोक अदालतीत अधिभारावर सूट मिळते, त्याची वाट बघा. विजेचं मीटर पण व्यावसायिक करून घ्या, घरच्या मीटरवर फ्रायर चालवू नका.

मग उरतं गुमास्ता, म्हणजे तुमच्याकडचा शॉप ॲक्ट, तो श्रम विभागाचा, कर नाही. फूड लायसन्स पण कर नाही पण दुकान उघडायच्या आधीच हवं. आणि वृत्तिकर, म्हणजे तुमचा पीटी, व्यवसाय कर. पुण्यात महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापता ना, इथे वार्षिक पगार सव्वादोन लाखांपर्यंत काही नाही, त्याच्यावर तीन लाखांपर्यंत वर्षाला १,५००, मग २,०००, आणि चार लाखांवर २,५००, जो ११ महिने २०८ आणि शेवटी २१२ असा कापतात. २,५०० च्या वर कुठलंही राज्य नेऊ शकत नाही, राज्यघटनेतच मर्यादा आहे. तुमच्या काउंटरवरच्या पोराचा पगार बहुतेक पहिल्याच टप्प्यात बसेल.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? तुमच्याच पॅनवर २३ चा रेग्युलर नंबर घेतला असता, कारण पुण्याचा माल आणि पुण्याचे डबे दोन्ही तुमच्या धंद्यात आहेत. पहिले सहा महिने नुसतं पॅकेटचं दुकान चालवलं असतं आणि मिसळ नंतर सुरू केली असती, भाड्याचे ते ३,६०० जवळजवळ पूर्ण क्रेडिटमधे परत मिळतात तोवर हात सैल राहतो म्हणून. पण ओट्यावरची मिसळ हाच तुमचा मुख्य धंदा होणार असेल, पॅकेट जोडीला, तर हे सगळं उलटं आहे, मग पुण्याहून मसाला तयार न आणता इथेच सियागंजच्या घाऊक बाजारातून खडा मसाला घेऊन कुटणं बरं पडेल का ते हिशोब करून बघा.

पुण्याची वर्षाची विक्री किती आणि तिथे रेग्युलर आहात की कंपोझिशन ते कळवा, मग नक्की सांगता येईल. तोवर एक काम भावाला सांगा. नोंदणीला जागेच्या मालकाचं सहमतिपत्र, विजेचं बिल आणि संपत्तिकराची पावती लागते आणि तिन्हीवर नाव एकच असेल तर फाइल अडत नाही. आपल्या जुन्या मराठी घरांत हमखास असं असतं की विजेचं बिल वडिलांच्या नावाने, पावती आजोबांच्या नावाने आणि राहतो मुलगा. सुदामा नगरचं ते घर कोणाच्या नावावर आहे ते पावती काढून बघायला सांगा, आजोबांचं नाव निघालं तर नामांतरणाला वेळ जातो, दुकानाचं फर्निचर त्याच्यानंतर करा.